ईडीआयची जबाबदारी: व्यवसाय विभागाकडे काय, आयटीकडे काय

ग्राहकाची ऑर्डर रात्री २ वाजता आली, प्रणालीने ती उचलली, पोचपावतीही गेली; आणि तरीही चार दिवसांनी ‘माल का निघाला नाही’ अशी विचारणा करणारा ग्राहकाचा फोन आला. आयटीने लॉग तपासून सांगितले, की फाइल व्यवस्थित मिळाली होती. विक्री विभागाने सांगितले, की त्यांच्या स्क्रीनवर अशी ऑर्डर कधी दिसलीच नाही. दोघेही खरेच बोलत होते. ऑर्डर या दोघांच्या मधोमध, त्रुटींच्या यादीत पडून होती, आणि ती यादी रोज उघडून पाहण्याचे काम कोणालाच दिलेले नव्हते. ईडीआय वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कंपनीत हा प्रसंग कधी ना कधी घडतो आणि त्याचे मूळ क्वचितच तंत्रज्ञानात असते.

ऑर्डर, माल रवाना झाल्याची सूचना, इन्व्हॉइस अशी कागदपत्रे दोन कंपन्यांच्या प्रणालींनी ठरलेल्या साच्यात परस्पर पाठवणे म्हणजे ईडीआय (इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज). एक्स१२ किंवा एडिफॅक्ट या प्रमाणित साच्यांपैकी एखाद्याची फाइल उघडली, की तारकाचिन्हे, अधिकचिन्हे आणि दोन-तीन अक्षरी संकेत यांची दाटी दिसते. त्यामुळे हे सगळे प्रकरण ‘तांत्रिक’ ठरवून आयटीच्या गळ्यात घातले जाते. पण त्या संकेतांच्या आड किंमत, नगसंख्या, पत्ता आणि तारीख असते, आणि ऑर्डरमधली किंमत करारातल्या किमतीशी जुळते की नाही हे आयटीला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. म्हणून वाटणी करताना फाइलला हात कोण लावतो हे पाहू नये. चूक झाल्यास बरोबर उत्तर कोणाला माहीत असते आणि ते देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे पाहावे. पुढे जे सांगितले आहे, ते याच कसोटीचा वापर कसा करावा याविषयी आहे.

सुरुवात जुन्या त्रुटींपासून करावी

जबाबदाऱ्यांचा तक्ता कोऱ्या कागदावर मांडायला बसले, की दोन्ही विभाग आपापल्या पदांची नावे रकान्यांत भरतात आणि तक्ता दिसायला छान होतो, पण कामाच्या दिवशी त्याचा उपयोग होत नाही. त्यापेक्षा मागच्या तीन महिन्यांत ईडीआयमध्ये झालेल्या सगळ्या चुकांची यादी काढावी. तिकिटे (म्हणजे आयटीकडे नोंदवलेल्या तक्रारी), ग्राहकांच्या तक्रारीचे ई-मेल, ग्राहकाने दंड म्हणून बिलातून कापून घेतलेल्या रकमा, असे सगळे त्यात यावे. प्रत्येक चुकीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती प्रथम कोणाच्या लक्षात आली, ती दुरुस्त करण्यासाठी लागणारी माहिती कोणाकडे होती, आणि प्रत्यक्षात ती कोणी दुरुस्त केली.

या यादीचे बहुधा तीन ढीग पडतात. पहिल्यात जोडणी तुटणे, ती सुरक्षित ठेवणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपणे, फाइल दोनदा येणे अशा गोष्टी असतात. त्या आयटीच्या, यावर वाद होत नाही. दुसऱ्यात किंमत न जुळणे, ग्राहकाने मुदत बदलणे, अर्धवट माल पाठवणे यांसारखे प्रश्न येतात. ते व्यवसायाचे आहेत हेही थोड्या कुरकुरीनंतर मान्य होते. तिसरा ढीग मात्र बेवारस असतो: ग्राहकाचा वस्तुक्रमांक आपल्या प्रणालीत सापडला नाही, नव्या दुकानाचा पत्ता-संकेत नोंदवलेला नव्हता, पेटी आणि नग यांची गल्लत झाली. या चुका प्रथम दिसतात आयटीला, त्यांचे उत्तर असते विक्री किंवा गोदामाकडे, आणि दुरुस्त करतो तो बहुतेक वेळा ज्याला त्या दिवशी सर्वांत जास्त ओरडा बसला तो. वाटणीचे खरे काम या तिसऱ्या ढिगावर करायचे असते. पहिल्या दोन ढिगांवर बैठकीचा वेळ फार घालवू नये.

आयटीचे काम

फाइल न चुकता, न हरवता, एकदाच आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे, हे आयटीचे काम. यात एएस२ किंवा एसएफटीपी (इंटरनेटवरून फाइल सुरक्षितपणे पाठवण्याच्या पद्धती) किंवा मध्यस्थ नेटवर्कची जोडणी, सर्टिफिकेटचे नूतनीकरण, फाइलच्या लिफाफ्यातील, म्हणजे मजकुराच्या मागेपुढे असलेल्या ओळींतील, पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे ओळखक्रमांक, तिथल्याच नियंत्रण क्रमांकावरून (फाइलच्या अनुक्रमांकावरून) पुनरावृत्ती पकडणे, चाचणीच्या फाइली प्रत्यक्ष व्यवहारात मिसळू न देणे, आणि मूळ फाइली ठरलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवणे, एवढे येते.

एक बारकावा सांगायला हवा. सर्टिफिकेट बदलायचे असेल, तर समोरच्या कंपनीतील योग्य माणूस शोधावा लागतो, आणि आयटीकडे असलेला संपर्क अनेकदा पाच वर्षांपूर्वीचा असतो. समोरच्या कंपनीशी रोजचे संबंध विक्री किंवा खरेदी विभागाचे असतात. त्यामुळे तांत्रिक संपर्कांची यादी अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी आयटीकडे ठेवली, तरी सर्टिफिकेटची मुदत संपण्याच्या निदान ६० दिवस आधी आयटीने आठवण द्यावी आणि समोरून उत्तर न आल्यास व्यवसाय विभागाने आपल्या ओळखीतून पाठपुरावा करावा, असे लिहूनच ठेवावे.

व्यवसाय विभागाचे काम

कोणत्या ग्राहकाशी किंवा पुरवठादाराशी ईडीआय सुरू करायचे, कोणती कागदपत्रे द्यायची-घ्यायची, कोणाचे काम आधी हाती घ्यायचे, हे निर्णय व्यवसायाचे आहेत. समोरच्या कंपनीकडून येणारी मार्गदर्शिका मात्र दोघांनी वाचायची असते, आणि इथेच पहिली घसरण होते. ती जाडजूड पुस्तिका ‘स्पेसिफिकेशन’ या नावाने येते, म्हणून विक्री विभाग ती न उघडता आयटीकडे ढकलतो. पण ऑर्डरला किती तासांत उत्तर द्यायचे, मालाची पूर्वसूचना ट्रक पोहोचण्याआधी यायला हवी की नाही, पेटीवरच्या लेबलचा क्रमांक सूचनेतील क्रमांकाशी न जुळल्यास किती दंड, अशी व्यवहाराची कलमे त्याच पुस्तिकेत किंवा तिच्यासोबतच्या पुरवठादार-नियमावलीत असतात. ती पाळण्याची हमी आयटी देऊच शकत नाही.

पूर्वसूचनेचे, म्हणजे माल रवाना झाल्याच्या सूचनेचेच, उदाहरण घेऊ. एक्स१२मध्ये तिचा क्रमांक ८५६ आहे. ट्रकमध्ये कोणत्या पेट्या आहेत, कोणत्या पेटीत कोणत्या ऑर्डरचा कोणता माल आहे, हे ती उतरंडीने सांगते आणि प्रत्येक पेटीवरचा १८ अंकी क्रमांक तिच्यात असतो. समजा, गोदामातील मंडळी दिवसभर ट्रक भरून सोडतात आणि प्रणालीतल्या नोंदी संध्याकाळी एकदम पूर्ण करतात. सूचना नोंद पूर्ण झाल्यावरच तयार होते. म्हणजे दुपारी १२ वाजता निघालेल्या ट्रकची सूचना संध्याकाळी ७ नंतर जाते आणि ग्राहक जवळ असेल तर माल आधी, सूचना मागाहून. दंडाचे पत्र येते तेव्हा ‘ईडीआय उशिरा जाते’ असे तिकीट आयटीच्या नावे उघडले जाते. आयटीने प्रोग्राम दर पाच मिनिटांनी चालवला तरी यात तसूभरही फरक पडणार नाही, कारण उशीर गोदामाच्या रिवाजात आहे. वेळेवर सूचना जाण्याची जबाबदारी म्हणूनच गोदामप्रमुखाच्या नावे असावी. नोंद झाल्यापासून ठरलेल्या मिनिटांत सूचना बाहेर पडली की नाही, एवढेच आयटीच्या नावे.

मॅपिंग: दोघांच्या सहीचा कागद

समोरच्या साच्यातील कोणती माहिती आपल्या प्रणालीत कुठे बसवायची, हे ठरवणारा दस्तऐवज म्हणजे मॅपिंग. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, आणि माझ्या मते दोन्ही विभागांच्या सह्या असायलाच हव्यात असा ईडीआयमधला कागद हाच.

एक ओळ जवळून पाहू. एक्स१२च्या ८५० या ऑर्डरमध्ये प्रत्येक वस्तूसाठी ‘पीओ१’ नावाचा भाग असतो. त्यात ओळीच्या क्रमांकानंतर संख्या, मग एकक, मग किंमत असा क्रम असतो. ग्राहकाने संख्या १२ आणि एकक ‘सीए’, म्हणजे पेटी, असे पाठवले. आपल्या प्रणालीत ती वस्तू नगावर विकली जाते आणि एका पेटीत २४ नग बसतात. मॅपिंग लिहिणाऱ्याने संख्येच्या जागी संख्या बसवली आणि एकक सोडून दिले, कारण चाचणीसाठी आलेल्या तिन्ही फाइलींत एकक ‘ईए’, म्हणजे नग, होते. परिणामी २८८ नगांची ऑर्डर १२ नगांची झाली. साचा बिनचूक, पोचपावती बिनचूक, प्रणालीत त्रुटी शून्य. चूक उघड झाली ती ग्राहकाच्या गोदामात, जिथे १२ पेट्यांची वाट पाहणाऱ्या माणसाला अर्धी रिकामी अशी एकच पेटी मिळाली.

ही चूक कोणाची? ग्राहक पेट्यांतही ऑर्डर देतो हे विक्री विभागाला वर्षानुवर्षे माहीत होते. त्यांना कोणी विचारले नाही. एकक सोडल्यास काय होईल हे आयटीला कळायला हवे होते. त्यांना पेटीचा विषय असल्याचे कोणी सांगितले नाही. यावरचा उपाय मॅपिंगच्या तक्त्यातच करायचा असतो. त्यात समोरचा रकाना, आपला रकाना आणि तांत्रिक नियम यांच्याबरोबर आणखी तीन रकाने ठेवावेत: नियम साध्या मराठीत, तो कोणी ठरवला, आणि अपेक्षेबाहेरचे काही आले तर काय करायचे. पहिल्या रकान्यात ‘एकक पेटी असल्यास वस्तूच्या नोंदीतील पेटीमापाने गुणून नग काढावेत’ असे वाक्य येईल. तिसऱ्यात ‘पेटी किंवा नग याशिवाय तिसरे एकक आल्यास ऑर्डर थांबवून विक्री विभागाला कळवावे’ असे येईल. हे साधे वाक्य व्यवसाय विभागाने लिहायचे, ते प्रोग्राममध्ये उतरवायचे आयटीने. वाक्य लिहिता येत नसेल तर निर्णय झालेलाच नाही असे समजावे, आणि तो निर्णय प्रोग्रामरवर सोडू नये. तो काहीतरी ठरवतोच, फक्त कोणाला सांगत नाही.

ग्राहकाच्या वस्तुक्रमांकाला आपला कोणता क्रमांक जुळतो आणि त्याच्या दुकानाच्या संकेताला आपला कोणता पत्ता, हे सांगणाऱ्या जुळणीच्या याद्याही याच विषयात येतात. मॅपिंग एकदा करून बराच काळ चालते. या याद्या दर आठवड्याला बदलतात. त्या आयटीच्या ताब्यातील फाइलमध्ये असतील, तर प्रत्येक नव्या दुकानासाठी तिकीट उघडावे लागते आणि ऑर्डर अडकल्यावरच ते उघडले जाते. यादीची मालकी व्यवसाय विभागाकडे द्यावी आणि आयटीने त्यांना यादी स्वतः बदलता येईल असा सोपा स्क्रीन, बदल कोणी केव्हा केला याच्या नोंदीसह, करून द्यावा. मालकी द्यायची पण किल्ली द्यायची नाही, या प्रकाराने काही साधत नाही.

पोचपावत्यांचा घोळ

‘पावती आली’ हे वाक्य ईडीआयमध्ये फार धोकादायक आहे, कारण पावत्या निदान तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा असतो. एएस२वरून परत येणारी पावती सांगते, की फाइल जशी पाठवली तशी मिळाली. एक्स१२मधली ९९७ किंवा एडिफॅक्टमधला कॉन्ट्रोल हा संदेश सांगतो, की फाइलची रचना वाचता आली किंवा आली नाही. ऑर्डर स्वीकारली, बदलून स्वीकारली की नाकारली, हे सांगणारे उत्तर वेगळेच असते: एक्स१२मध्ये ८५५. सुरुवातीच्या प्रसंगात ग्राहकाला मिळाली होती ती ९९७. त्याने ती ऑर्डर स्वीकारल्याची खूण मानली आणि आपल्या आयटीनेही तसेच मानले.

म्हणून पहिली पावती पूर्णपणे आयटीकडे ठेवावी. दुसरीवर नजर आयटीची, पण ती नकाराची निघाल्यास किंवा ठरलेल्या वेळेत न आल्यास संबंधित व्यवसाय विभागाला कळवण्याचे बंधन असावे. आपल्या इन्व्हॉइसला ९९७ आली नाही तर लेखा विभागाच्या वसुलीचा हिशेब चुकतो, हे आयटीला आपोआप सुचणार नाही. तिसरी पावती निखळ व्यवसायाची: ऑर्डरला होकार देणे म्हणजे वचन देणे, आणि वचन कोणत्या अटींवर आपोआप जावे व कोणत्या ऑर्डरी माणसाने पाहूनच होकाराव्यात, हे विक्री विभागानेच ठरवावे.

रोजच्या त्रुटी कोणी उचलाव्यात

त्रुटीचा इशारा कोणाला जातो, यावर सगळी वाटणी टिकते किंवा कोसळते. ‘ईडीआय सपोर्ट’ नावाच्या सामाईक मेलपेटीत वीस जणांना इशारा जात असेल, तर तो कोणालाही गेला नाही असे समजावे. तांत्रिक त्रुटी आयटीच्या रांगेत आणि आशयाच्या त्रुटी त्या ग्राहकाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीकडे, अशी विभागणी प्रणालीनेच करावी. आणि प्रत्येक इशाऱ्याला एक मुदत असावी, जी उलटल्यास तो वरच्या माणसाकडे जाईल. व्यवसायाकडे जाणाऱ्या इशाऱ्याची भाषाही पाहावी. ‘सेगमेंट पीओ१, घटक ०७, मूल्य अवैध’ असा संदेश विक्री विभागातील माणूस वाचून मिटवून टाकतो. ‘या ऑर्डरच्या तिसऱ्या ओळीतील ग्राहकाचा वस्तुक्रमांक आपल्या यादीत नाही, ऑर्डर थांबली आहे’ असा असेल तर तो पाच मिनिटांत काम संपवतो. हे वाक्य घडवायला आयटीला एक दुपार द्यावी लागते, आणि ती वसूल होते.

इथे एक नियम मात्र कडकपणे पाळावा. अडकलेली फाइल पुढे ढकलण्यासाठी आयटीने तिच्यातील किंमत, संख्या किंवा तारीख हाताने बदलू नये, मग विनंती कितीही वरिष्ठाची असो. दुरुस्ती जिथे चूक आहे तिथे, म्हणजे वस्तूच्या नोंदीत, जुळणीच्या यादीत किंवा ग्राहकाकडून नवी फाइल मागवून करावी. हाताने बदललेली फाइल त्या दिवसापुरती सुटका करते. पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा येते, आणि शिवाय पुढे वाद झाला तर ग्राहकाने नेमके काय पाठवले होते याचा पुरावा आपणच पुसलेला असतो. फाइल पुन्हा चालवण्याची परवानगीही व्यवसाय विभागाची असावी, कारण एखाद्याने ती ऑर्डर दरम्यान फोनवरून घेऊन हाताने नोंदवलेली असू शकते आणि मग माल दोनदा जातो.

नवा भागीदार जोडताना

चाचणीची वाटणी लोक सहसा चुकीच्या जागी करतात: आयटी चाचणी घेते आणि व्यवसाय विभाग ‘ठीक आहे’ म्हणतो. फाइल जाते-येते, साचा बरोबर आहे, लिफाफ्यातील ‘चाचणी’ची खूण व्यवहाराच्या वेळी बदलली आहे, एवढे आयटीने तपासावे. चाचणीचे प्रसंग मात्र व्यवसाय विभागाने लिहावेत, कारण रोजच्या धबडग्यातल्या वाकड्यातिकड्या घटना त्यांनाच माहीत असतात: ऑर्डर दिल्यावर एक ओळ रद्द झाली, माल दोन ट्रकमधून गेला, योजनेतला फुकट नग शून्य किमतीने आला, इन्व्हॉइसमध्ये वाहतुकीचा आकार वेगळा लावला. सरळ जाणारी एक ऑर्डर यशस्वी झाली म्हणून काम सुरू करणे, म्हणजे पहिल्या महिन्याची चाचणी ग्राहकावर करणे. काम कधी सुरू करायचे हे व्यवसाय विभागाने ठरवावे. तांत्रिक कारणावरून ते रोखण्याचा हक्क आयटीला असावा, आणि रोखायचे असल्यास कारण लेखी द्यावे.

तक्ता लिहिताना

एवढे झाल्यावरच तक्ता लिहायला घ्यावा. डावीकडे कामे, म्हणजे मघाच्या तीन ढिगांतून निघालेली खरीखुरी कामे, वर व्यक्ती. प्रत्येक कामाला उत्तरदायी व्यक्ती एकच असावी, तिला मदत करणारे कितीही असोत. दोन नावे आली, की ते काम पुन्हा बेवारस ढिगात गेले. विभागाचे नाव पुरत नाही, माणसाचे नाव आणि तो रजेवर असताना बदली कोण, हेही लिहावे. तक्ता एका पानात बसत नसेल तर कामे फार बारीक तोडली आहेत.

बहुतेक मध्यम कंपन्यांना दोन्ही भाषा येणारा एक ईडीआय समन्वयक लागतो. त्याला कोणत्या विभागात बसवावे, यावर मतभेद आहेत. माझा कल त्याला व्यवसायाच्या बाजूला ठेवण्याकडे आहे: आयटीत बसलेला समन्वयक काही महिन्यांतच तिकिटे निपटणारा होतो, आणि ग्राहकाच्या नियमांत काय बदल होतोय हे त्याला सर्वांत शेवटी कळते. लहान कंपनीत हीच व्यक्ती मॅपिंगही करते आणि विक्रीही पाहते. तरीसुद्धा कोणता निर्णय ती कोणत्या भूमिकेत घेते हे लिहून ठेवावे, नाहीतर ती नोकरी सोडते तेव्हा दोन्ही बाजूंचे ज्ञान एकदम निघून जाते.

ईडीआय बाहेरच्या सेवा-पुरवठादाराकडे सोपवले असेल, तर आयटीच्या रकान्यातील बरीच कामे त्याच्या नावे जातात, पण उत्तरदायित्व जात नाही. पुरवठादाराकडे जुळणीच्या याद्या आणि मॅपिंगची प्रत अडकून राहू नये म्हणून दोन्हींची ताजी प्रत आपल्याकडे ठेवण्याचे काम आयटीतील एका व्यक्तीच्या नावे द्यावे, आणि पुरवठादाराच्या अहवालातील ‘यशस्वी’ या शब्दाचा अर्थ मघाच्या तीन पावत्यांपैकी नेमकी कोणती, हे करारातच स्पष्ट करून घ्यावे.

तक्ता लागू झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा त्रुटींची यादी काढावी आणि तेच तीन ढीग करावेत. बेवारस ढिगात एखादी चूक दिसली, तर तिच्यासाठी तक्त्यात नवी ओळ घालून तिथल्या तिथे नाव लिहावे. आणि एकाच नावापुढे चुका साठत असतील, तर त्या माणसाला जाब विचारण्याआधी ते काम करण्यासाठी लागणारा स्क्रीन, अधिकार आणि वेळ त्याला दिला आहे का, हे तपासावे.